उसनी शिट्टी

४ सप्टेंबर १९७९

डोकं उठलंय! सबंध दिवसात एक ओळ. एक! 'सोला, सोला, सिएंप्रे सोला' — एकटी, एकटी, कायम एकटी. आमच्या टेकडीवरचं तीन वर्षांचं शेंबडं पोर नाक पुसता पुसता म्हणेल. आणि ही सीव — लाक्रिट्सची गायिका, जिचे फोटो स्वीडनभरच्या पोरींनी कपाटांच्या दारांवर चिकटवलेत — ती ते असं म्हणते जणू चढउताराच्या रस्त्यावर सायकल हाकतेय. वर, खाली, वर, खाली.

लाक्रिट्स म्हणजे इथली ती काळी खारट गोळी. तोंडात टाकली की बोटीचं डांबर चाटल्यासारखं वाटतं. "गटाला हे नाव कुणी दिलं?" विचारलं. तोर्ब्योर्न म्हणाला, "मी. लोकांना आवडते ती." लोकांना काय, काहीही आवडतं.

तोर्ब्योर्न गाणी करतो, गट चालवतो, दाढी कुरवाळतो. मागे आणखी दोघे बाप्ये 'आ-आ' करायला. त्यांची नावं मी अजून लक्षात ठेवलेली नाहीत, ठेवणारही नाही.

काम असं: त्यांची गाजलेली दहा स्वीडिश गाणी. वाद्यं जुनीच, टेपवर आहेत तशीच. फक्त वर शब्द स्पॅनिश घालायचे, म्हणजे सबंध दक्षिण अमेरिका विकत घेणार म्हणे. शब्द बुएनोस आइरेसच्या कुणीतरी पाठवलेत. मूळ गाण्यात सीवची शेवटची बस चुकते नि ती बर्फात उभी राहते. स्पॅनिशमध्ये बसही गेली, बर्फही गेलं — चंद्र, समुद्र आणि रडारड! मी आधी गाऊन टेप करून द्यायचं, सीवने ती घरी नेऊन घोकायची. अर्थ तिने अजून विचारलेला नाही.

बरोब्बर तीन वाजता सगळं थांबलं. कॉफी! मी ओळीच्या मध्यात होते. तोंड उघडं तसंच राहिलं. दालचिनीचे पाव मात्र चांगले होते. चार खाल्ले.

६ सप्टेंबर

हे काम मला फिनलंडच्या बोटीवर मिळालं. मी खाली ताटं धूत होते, हे लोक वर नाचाच्या दिवाणखान्यात गात होते. मुकादम अंगावर आला, मी त्याच्या सात पिढ्या स्पॅनिशमध्ये धुतल्या — आणि दारात हा दाढीवाला उभा. म्हणाला, "हे पुन्हा म्हण. हळू." कामावरून तर त्याच दिवशी हाकललं होतं. त्याआधी गोटेबोर्गला मासे सोलले, उत्तरेला दलदलीत पिवळी बोरं वेचली, डास इतके की श्वासातून आत जात. कुठेही सहा महिन्यांवर टिकले नाही. शाळेतही नाही टिकले, ही तर नोकरी.

इथे टिकणार. एकाच कारणासाठी. पहिल्याच दिवशी अट घातली: तबकडीच्या कव्हरच्या मागे माझं पूर्ण नाव. नेल्दा इनोस्त्रोसा. "बारीक अक्षरात असलं तरी चालेल." तोर्ब्योर्न म्हणाला, "हो हो, चालेल की."

पाच वर्षांत आईला सहा पत्रं टाकली. उत्तर नाही. पत्रं परतही येत नाहीत. पण तबकडी? तबकडी वाल्पराइसोच्या बंदरावरच्या दुकानात काचेमागे लागेल. आई नाही तर शेजारीण, नाही तर मावसभाऊ, कुणीतरी कव्हर उलटून वाचेलच. मग तिला कळेल मी जिवंत आहे. पुढे उत्तर द्यायचं की नाही हे तिचं तिने बघावं. मला काय!

खोटं लिहितेय. असो.

११ सप्टेंबर

आमच्या लोकांचा हा दिवस दर वर्षी नरड्याशी येतो. जनरलने तिकडे सत्ता बळकावली त्याला सहा वर्षं झाली. रिंकेबीत, स्टॉकहोमच्या आमच्या वस्तीत, सभागृहात सगळे जमले, खिमा भरलेल्या करंज्या, गिटार, रडणं. येर्कोने सगळ्यांसमोर मला धरलं. येर्को माझ्याच घरात पलीकडच्या खोलीत राहतो, इस्पितळात फरशा पुसतो नि क्रांतीवर बोलतो.

"काय बाईसाहेब, आज जनरलच्या रेडिओसाठी काय शिकवलंत?"

"तुझ्या आईसाठी अंगाई."

"हसा! ती तबकडी तिकडे कोण विकणार? त्यांचीच दुकानं. कोण वाजवणार? त्यांचाच रेडिओ. चंद्र, समुद्र — आणि त्या समुद्रात कुणाकुणाला टाकलंय ते आपल्याला माहीत नाही का गं?"

त्याचं खोटं नाही. म्हणून जास्त राग आला. करंजी त्याच्या शर्टावर फेकली. लागली. अख्ख्या संध्याकाळमधली तेवढीच गोष्ट मनासारखी झाली.

१७ सप्टेंबर

पाऊस. मोजे ओले. 'सोला' अजून नाही.

२५ सप्टेंबर

धुण्याच्या खोलीत चिठ्ठी: 'मंगळवारी ११ ते १ या वेळेत यंत्राच्या गाळणीत केस सोडणाऱ्या व्यक्तीने विचार करावा.' विचार करावा! हे लोक कधी भांडत नाहीत, चिठ्ठ्या लावतात. खाली मी लिहिलं, 'केला. केस माझेच.' परतले तर त्याखाली तिसरी चिठ्ठी, पोलिसांच्या अहवालाएवढी.

काय लिहायला बसले होते? हां, सीव.

ही बाई मला सहन होत नाही. आळशी असती तर सोसली असती. पण ती येते दहाला पाच कमी असताना, डब्यातून गाजर काढते, चावते, वही उघडते. माझी टेप तिने रात्रीतून चाळीसदा ऐकलेली असते. मी जिथे श्वास घेते तिथे ती श्वास घेते. मी जिथे थुंकी गिळते तिथे ती गिळते. चोर असतो ना, वाड्यात शिरायच्या आधी भिंतीची एकेक वीट मोजणारा — तसं.

आज विचारलं, "तुला कळतं तरी का काय गातेस?"

म्हणाली, "नको सांगूस. कळलं तर मी माझ्यासारखी गाईन."

मूर्ख की शहाणी? ठरवता येईना, म्हणून आणखी राग.

२ ऑक्टोबर

दातात कळ. थंडी शिरते.

हा माझा वरचा पुढचा दात, अर्धाच. अकरा वर्षांची असताना टेकडीच्या पायऱ्यांवरून फळीवर बसून घसरले. पैज होती. जिंकले, पण खालची भिंत तोंडाने थांबवली. त्या दिवसापासून 'स' आला की दातातून शिट्टी निघते. आई मला किटली म्हणायची. "आली बघा किटली, उकळत!" आमचं घर एकशे बारा पायऱ्या वर. मी खालूनच ओरडत यायची, पायरी-पायरीला श्वास तुटायचा, म्हणून शब्दाच्या मध्ये उचकीसारखा झटका. ती सवय सपाट जमिनीवरही गेली नाही. गातानाही तो येतोच. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगायची मी कितव्या पायरीवर आहे.

ती आरमारातल्या साहेबांचे गणवेश शिवायची. त्याच यंत्राखाली मी जनरलविरुद्धची पत्रकं लपवली होती. मला वाटलं होतं, तिथे कोण बघणार! शिपायांनी पहिलं तेच उलथं केलं. पत्रकं त्यांना नाही मिळाली, आदल्या रात्री मी दुसरीकडे नेली होती. पण यंत्र मोडलं. आई मोडक्या यंत्राजवळ उभी राहून म्हणाली, "चालती हो. या दारात परत पाय ठेवू नकोस." मी सतरा वर्षांची. गेले. आधी ट्रकमधून डोंगरापलीकडे, मग पुढे, मग आणखी पुढे.

शिपायांसाठी म्हणाली असेल, असं येर्को म्हणतो. त्यांना ऐकू जावं म्हणून. शिपाई तर केव्हाच खाली उतरले होते! मीच होते ना तिथे.

९ ऑक्टोबर

सात गाणी झाली. सीगल पक्ष्याने माझा पाव पळवला, खिडकीतून, सरळ हातातून! या देशात तेवढा एकच प्राणी रांगेत उभा राहत नाही.

१६ ऑक्टोबर

कव्हर आलं. छापायला जायच्या आधीचा नमुना.

पुढे चौघे मखमलीत, मागे पामचं झाड चिकटवलेलं. पाठीमागे बारीक अक्षरं. मी वाचली. पुन्हा वाचली. उलटं धरून वाचायचं तेवढं राहिलं. संगीत — तोर्ब्योर्न. शब्द — बुएनोस आइरेसचा तो. फोटो कुणाचा. कपडे कुठले. केस कुणी कापले! केस कापणारीचं नाव आहे!! माझं नाही.

"जागा नव्हती गं," तोर्ब्योर्न म्हणाला. दाढी कुरवाळत.

"पामचं झाड काढा."

"ते तिकडच्या कंपनीने घातलंय. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी."

"मला पुढची वेळ नकोय! मला हे वाल्पराइसोत जायला हवंय, माझ्या नावासकट."

"कुठे?"

दीड महिना मी या माणसाला तेच सांगत होते. त्याला गावाचं नावसुद्धा ऐकू गेलं नव्हतं. सीव कोपऱ्यात गाजर चावत बसली होती. कुर्रम, कुर्रम.

बाहेर येऊन त्याच्या गाडीच्या दाराला लाथ घातली. पाय दुखतोय. गाडीला काही नाही.

१७ ऑक्टोबर

आज जायचं नव्हतं. गेले, उरलेले पैसे घ्यायचे होते. आणि बघा काय सापडलं.

सीव आत गात होती. तिची वही बाहेर मेजावर उघडी. पानभर स्वीडिश अक्षरांत स्पॅनिश शब्द, आणि प्रत्येक 'स'च्या डोक्यावर एक बारीक बाण, वर जाणारा. 'सोला'च्या मधोमध लाल उभी रेघ. काही कळेना. ती बाहेर आली, मी विचारलं, "हा बाण कसला?"

"शिट्टी," ती म्हणाली. एकदम गंभीर. "तुमचा 'स' वर जातो ना, शिट्टी देत. सगळ्यात अवघड तोच गेला मला. जीभ इथे लावून, हवा इथून... ऐक." आणि तिने केलं! सोला — आधी शिट्टी, मग झटका. हुबेहूब. "दोन आठवडे आरशासमोर बसले. स्पॅनिश फार कठीण भाषा आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अख्खे दात, पांढरेशुभ्र, दुधाच्या जाहिरातीतले. त्यातून माझा मोडका दात वाजत होता! ती बाई माझा अर्धा दात शिकली होती, स्पॅनिश समजून. दहाच्या दहा गाण्यांत.

इथे कुणाला कळणार? तोर्ब्योर्नला तर समोरच्या माणसाचंही ऐकू येत नाही. सांगायचं तर आत्ता, या क्षणी. एका आठवड्यात सगळं पुन्हा गाऊन झालं असतं.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. "याहून चांगलं आम्हालाही येत नाही."

हसू दे सबंध दक्षिण अमेरिकेला! बोगोटापासून खाली पार बर्फापर्यंत. माझं नाव नाही ना? मग घ्या, ही मोडकी शिट्टी घ्या!

१८ ऑक्टोबर

येर्कोला सांगितलं. तो पोट धरून हसला. मग थांबला, म्हणाला, "पण ती तर काही वाईट वागली नव्हती गं तुझ्याशी."

याला कुणी विचारलं होतं?

२३ जानेवारी १९८०

गोटेबोर्ग. पुन्हा मासे. हातांना वास. तबकडी निघाली म्हणे. मी ऐकलेली नाही.

८ मार्च

स्टॉकहोमला परत. मासे पुरे झाले. येर्कोने खोली ठेवली होती. माझ्या चादरी मात्र धुतल्या नव्हत्या.

आज दारावर थाप. सीव! रिंकेबीत, आमच्या जिन्यात, फरकोट घालून. बूट मात्र दारातच काढले. भांडायला आलेली माणसंही इथे बूट काढतात.

"माद्रिदला टीव्हीवर बोलावलं होतं आम्हाला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही, त्याचीच भीती वाटली. "सूत्रधाराने सगळ्यांसमोर विचारलं, दात दाखवा बघू. मी दाखवले. तो म्हणाला, मग शिट्टी कुठून येते? सगळे हसले. मी पण हसले. मला वाटलं विनोद आहे. हॉटेलात जेवण आणणाऱ्या पोरीला विचारलं, 'सोला' म्हण बघू. तिला शिट्टी येईना. स्वयंपाक्याला विचारलं. त्यालाही येईना. मग कळलं. तोंड उघड."

मी उघडलं नाही.

"तू मला माकड केलंस."

"तुम्ही माझं नाव काढलंत!"

"कुणाचं नाव आहे गं?" आता मात्र ती ओरडली. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाच आपटली. पिशवीतून तबकडी काढून तिने माझ्या पोटावर दाबली. "वाच! माझं दाखव! 'सीव' तिकडे कुणाला म्हणता येणार नाही म्हणून काढलं. अकरा वर्षं गातेय मी. केस कापणारीचं आहे, माझं नाहीये!"

वाचलं. खरंच नव्हतं. त्या दिवशी मी चार-पाच वेळा वाचलं होतं, पण शोधत होते फक्त माझं.

"मग पुन्हा गा. बिनशिट्टीचं," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

"तोर्ब्योर्न देत नाही. खप त्या शिट्टीवरच आहे म्हणतो. आता स्वीडिश गाण्यांतही घाल म्हणतो."

येर्को आतून कॉफी घेऊन आला, क्रांतिकारक मोठा! तिने घेतली नाही. बूट घातले, नाड्या दोन-दोन गाठी मारून बांधल्या, आणि गेली.

९ मार्च

ऐकली शेवटी. येर्कोच्या यंत्रावर, आवाज बारीक करून. शिव्या द्यायच्या तयारीने बसले होते. पहिलंच गाणं. सोला. मी कधी इतकी चांगली गायले नव्हते.

चुलीत घालावीशी वाटली. इथे विजेची शेगडी आहे.

१२ जून

सीव पुन्हा. यावेळी पोत्याएवढी कापडी पिशवी घेऊन.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," आल्या आल्या म्हणाली. "ही तिकडच्या लोकांची पत्रं आहेत. कंपनी उघडत नाही, तोर्ब्योर्नला वाचता येत नाहीत, आणि माणसांनी लिहिलंय तर उत्तर द्यायला हवं. तू वाचायचीस, मी लिहायचं. गुरुवारी येईन. कॉफी तू करायचीस. तेवढं देणं लागतेसच."

लागते.

एकशे सत्तर पत्रं! ग्वायाकिलच्या एकाला तिच्याशी लग्न करायचंय. लिमाच्या आजीबाईंनी शिट्टीवर उपाय पाठवलाय: मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या. बोगोटात शाळकरी पोरं तशी शिट्टी मारत बोलतात आणि मास्तर छड्या मारतात. मी वाचते, सीव मान खाली घालून उत्तरं लिहिते, प्रत्येकाला दोन ओळी, प्रत्येकाला सही. पूर्ण नावाने. आज ती एकदाच हसली, गुळण्यांना. लगेच तोंड मिटलं.

एका निळ्या पाकिटावर 'व्हिया आलेमाना' असा शिक्का आहे. वाल्पराइसोपासून तासाभरावरचं गाव. पिशवीतून वर आलेलं, मी ते पुन्हा खाली सारलं. नसता त्रास. हे असले शिक्के बघून दर वेळी छाती धडधडवून घ्यायची नाही असं ठरवलंय.

१९ जून

निळं आज हाती आलंच. सीवसमोर उघडलं. मोठ्याने वाचायला लागले, आणि थांबले. इथे उतरवून ठेवते.

'गाणाऱ्या बाईंस. आवाज तुमचा छान आहे. पण आधीची शिट्टी आणि मधली उचकी तुमची नाही, माझ्या मुलीची आहे. ती शिकवणारी तुमच्याजवळ असेल तर तिला विचारा, दात अजून तसाच? त्या देशात दातांचे डॉक्टर नाहीत का? मी तिला एकदा म्हटलं होतं, या दारात पाय ठेवू नकोस. ते घर गेलं. आता बहिणीकडे राहते. हे दार दुसरं आहे.'

"काय लिहिलंय?" सीवने विचारलं. पेन उचलून तयार.

"पत्ता," मी म्हणाले.